फोटोवाला मलम

रुपराव साठवणे यांच्या वडिलांचा चेहरा नागपुरात कळमन्याच्या बाजारात किती खिशांतून फिरला असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. डोक्याला पांढरा फेटा, जाड मिशा, आणि फोटोग्राफरने ‘हलू नका’ म्हटल्यावर माणूस जरा घाबरून जसा ताठ होतो, तसा ताठपणा. पिवळ्या पत्र्याच्या चपट्या डबीवर हा चेहरा चिकटवलेला असे. त्याच्याभोवती गोल फिरणारी अक्षरं: साठवणे राळ मलम. खाली बारीक टाइपात राळ, मेण, तिळाचं तेल, कडुनिंब, कापूर. त्याखाली नायटा, खरूज, भेगा, चिखल्या. आणि अगदी कडेला, जिथे बोट लागून शाई पुसट व्हायची तिथे, ‘लहान मुलांसही निर्धोक’.

हमाल त्याचं नाव घेत नसत. ते म्हणत, ‘फोटोवाला दे.’

वडील होते तोवर मलम अंगणात शिजायचा. कढईतलं तेल तापलं की त्यात राळ पडायची आणि सगळ्या गल्लीला कळायचं, आज साठवण्यांकडे मलम आहे. मग तो परातीत ओतून, वर गार पाणी घालून फेटायचा. फेटता फेटता तपकिरी चिकट गोळा पांढरा होत जाई. किती फेटायचं ते हाताला कळे. रुपरावांचा तरुणपणातला उजवा हात या कामात गेला. मलम सावकाश लागू पडे, कपड्यांना डाग पाडी, बोटांना चिकटून राही. तरी लोक थांबत. तेव्हा लोकांना थांबता येत असे.

वडील गेले. परवाना त्यांच्या नावाचा होता, तो त्यांच्यामागे केव्हातरी संपला आणि कोणी विचारायला आलं नाही. राळेत भेसळ यायला लागली. रुपरावांचं मनगट धरू लागलं. बाजारात ट्यूबमधली क्रीम आली, दोन रात्रीत खाज घालवणारी. राळेच्या डब्या दुकानाच्या फळीवर धूळ खात पडल्या. अशा दिवसांत अंकित नावाचा एक पुरवठादार त्यांच्या खोलीवर आला. कळमन्याच्या मागच्या बाजूला रुपरावांनी मलम बनवायला एक खोली भाड्याने घेतली होती, तिथे. तो मोटरसायकलवरून उतरलाही नाही.

“काका, तुमच्याजवळ नाव आहे, माल चालत नाही. माह्याजवळ माल आहे, त्याले नाव नाही.”

“आयुर्वेदिक आहे का पण?”

“मंग काय! आयुर्वेदिकच. फक्त मशीनवर बनते. तुमचा हात दुखणार नाही.”

माल पिंपात आला. पांढरा, मऊ, लोण्यासारखा, बिनवासाचा. ज्या हमालाचा नायटा पावसाळ्यापासून हटत नव्हता, त्याचा आठवडाभरात गेला. रुपराव त्याच्या पाठीकडे बघत राहिले. राळ इतकी वेगाने काम करत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पण बऱ्या झालेल्या कातडीशी वाद कसा घालायचा? त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

लेबल मात्र त्यांनी बदलून पाहिलं होतं. नवीन छापून आणलं. हिरवी पानं, नाव, आणि ‘त्वचेसाठी’, बस. घटकांची यादी नाही, वडिलांचा फोटो नाही. ही डबी त्यांनी पहिल्यांदा वामनरावांच्या हातात दिली. वामनराव हे बाजाराच्या यार्डातले सगळ्यात जुने हमाल. त्यांच्या शब्दावर बाकीचे हमाल बिडीसुद्धा बदलत. त्यांनी डबी नाकाशी नेली, मग हाताच्या अंतरावर धरली.

“हे काय आणलं गा?”

“आपलाच आहे, वामनरावजी. डबी नवीन.”

“नकली आहे हे. तुह्या बापाचा फोटो कुठं गेला? आन् वासबी नाही. कोणी फसवून राहिलं तुले.”

साऱ्या डब्या परत आल्या. रुपरावांनी जुनी लेबलं पुन्हा छापून घेतली. मग थोड्या तेलात थोडी राळ आणि कापूर वितळवून ते पिंपातल्या मालावर ओतायचे आणि ढवळायचे. वासापुरतं. लोकांना खोटं वाटू नये म्हणून त्यांनी खोटं लेबल लावलं, आणि बाजार पुन्हा सुरळीत चालला.

घरी त्यांनी कधी काही सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. संध्याकाळी ते मनीषनगरच्या फ्लॅटवर येत तेव्हा सदऱ्याला राळेचा वास असे. बायको प्रेमलता तो सदरा धुवायला टाकताना नाक मुरडी, आणि तिच्या दृष्टीने नवरा सासऱ्यांचंच काम करून येई.

नातू झाला, अर्णव. मुलगा जितेंद्र नोकरीला पुण्यात, सून सोनिका बाळंतपणानंतर इथेच राहिलेली. उन्हाळ्यात बाळाच्या मांडीच्या सांध्यात पुरळ उठलं. त्या घरात पुरळ उठलं की काय करायचं हे ठरलेलं होतं. तेलाने मालिश, आंघोळ, कोरडं पुसणं आणि मग आजीच्या बोटाने घडीघडीत मलम. जितेंद्रही असाच वाढला होता. प्रेमलताने फळीवरची डबी उघडली तेव्हा रुपराव समोर चहा पीत बसले होते. कप ओठांशी थांबला.

“थोडाच लाव,” ते म्हणाले.

“काहून? तुमच्या आईनं जितेंद्रले थोपून थोपून लावला. काही झालं का त्याले?”

त्या सकाळी एक वाक्य बोलायला जागा होती, तिथे त्यांनी चहा प्यायला.

पुरळ दुसऱ्या दिवशी गेलं. मलम चुकला की पुन्हा येई, पहिल्यापेक्षा लाल. म्हणून प्रेमलता चुकवत नसे. पुढे मानेच्या घडीत, काखेत, गुडघ्यामागेही लावू लागली. आणि बाळ भरायला लागलं. गाल असे वर आले की डोळे बारीक दिसू लागले. शेजारच्या बायका दारातूनच म्हणत, “बाप्पा! काय बाळसं धरलं वं! दृष्ट काढत जा.” प्रेमलता रोज गालावर काजळाची तीट लावी. मोठ्या गालावर तीट छोटी दिसे म्हणून जरा मोठी लावी.

बाजारात वामनरावांनीही मोबाइल पुढे केला होता. “हे पाहा माही नात, रितिका. तुह्या मलमानं पोट्टीची कातडी कशी सायीवाणी झाली! आन् गाल पाह्यले का?” रुपरावांनी गाल पाहिले. त्यांना बरं वाटलं होतं. एकाच वेळी दोन घरांत आनंद आहे, असं वाटलं होतं.

संत्र्यांच्या हंगामात सरकारी माणसं आली. यार्डाबाहेरच्या एका दुकानात अन्न व औषध प्रशासनाची जीप थांबली तेव्हा रुपराव समोरच्या टपरीवर उभे होते. आयुर्वेदिक म्हणून विकले जाणारे बरेच मलम ती माणसं ठिकठिकाणाहून उचलत होती, हे पेपरात येऊन गेलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. आता एका निरीक्षकबाईने पिवळी डबी उचलली, चष्मा कपाळावर सरकवून वडिलांचा चेहरा जवळून पाहिला. दुकानदाराला काही विचारलं. दुकानदाराची नजर टपरीकडे आली, रुपरावांवर थांबली आणि दुसरीकडे गेली. पण नजरेचं हे जाणं-येणं बाईंनीही पाहिलं. डब्या पाकिटात गेल्या, पाकिटांवर लाख पडली, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. तपासणीचा निकाल येईपर्यंत विक्री बंद, असं दुकानदाराला सांगण्यात आलं. रुपरावांना नोटीस दोन दिवसांत मिळाली. परवाना घेऊन या, तोवर माल विकू नका.

त्यांनी अंकितला फोन लावला.

“त्यात काय आहे?”

“कशात काका?”

“पिंपात.”

पलीकडे हसणं. “काम करते ना? मंग? थोडं तेज औषध असते. सगळेच टाकतात.”

“तेज म्हणजे? स्टेरॉइड?”

“नाव घेऊ नका हो फोनवर. डब्या गायब करा, बस. डबी नाही तर काही नाही.” त्यानंतर तो नंबर बंदच येत राहिला.

स्टेरॉइड हा शब्द पेपरात होता. पेपरात तो लांबचा होता. आता तो घरात, मालिशच्या वाटीशेजारी ठेवलेला होता. रुपरावांच्या छातीत दोन भीती एकदम उठल्या आणि त्यांना त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. एक जीपची, दुसरी बाळाची. दोन्हींवर उपाय एकच दिसला. खोलीवरची पिंपं त्यांनी रिकामी केली. डब्या गोणीत भरून रोज थोड्या थोड्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. आणि घरातली डबीही उचलली.

“अजी, बाळाची डबी कुठं नेता?” प्रेमलता मागून म्हणाली.

“जुनी झाली ती. नवीन आणतो.”

“परवाच तर उघडली!”

“म्हटलं ना, आणतो.”

त्यांनी ती आणली नाही. जिन्यातून उतरताना त्यांना खरोखर हलकं वाटलं. आता बाळाला काही होणार नाही. विष काढून घेतलं की माणूस सुधारतो, एवढं तर कोणालाही कळतं.

पुरळ चिडून वर आलं. मांड्या, मान, काख, सगळं लालेलाल. बाळ रात्रंदिवस रडू लागलं. सोनिका विचारी, “बाबा, डबी?” ते म्हणत, “उद्या.” प्रेमलता म्हणे, “साऱ्या नागपूरले मलम पुरवतात, आन् घरच्या लेकराले डबी नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.” दारावर बेल वाजली की त्यांचा हात खिशातल्या नोटिशीकडे जाई. पेपर आला की आधी ते आतलं पान उघडत. त्यांना वाटे, पुरळ सहन केलं पाहिजे, ते जाईल. मोबदला म्हणून काहीतरी द्यावंच लागतं. फक्त तो बाळाच्या अंगावरून वसूल होतोय, याचा विचार ते करत नसत.

मग थंडी-ताप आला. घराघरात येतो तसाच. पण रडणं थांबलं. आधी सगळ्यांना बरं वाटलं, बाळ झोपलं. दूध पाजलं ते उलटून पडलं. पुन्हा पाजलं, पुन्हा पडलं. सकाळी सोनिकाने त्याला उचललं तेव्हा मान मागे गेली. डोळे उघडे होते, पण कोणाला ओळखत नव्हते.

“आई, हा काहून असा करून राहिला?” एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

धंतोलीतल्या मुलांच्या दवाखान्याच्या जिन्यावर विदर्भातली सगळी गावं बसलेली असतात. बसायला मिळालं नाही ते उभे. त्या गर्दीतून नर्सने बाळ जवळजवळ हिसकावून आत नेलं. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर मयुरा घारपुरे यांनी साखर तपासली, आकडा पाहून नर्सकडे पाहिलं, आणि काही क्षणांत बाळाच्या एवढ्याशा हातात सुई होती. सलाइन सुरू झालं. मग त्यांनी बाळाला निरखून पाहिलं. गालावरची बारीक लव. मानेमागचा चरबीचा गोळा. मांडीवर कागदासारखी पातळ झालेली कातडी आणि तिच्यावरच्या लाल रेघा.

“हा चेहरा कधीपासून असा गोल झाला?”

“पावसाळ्यापासून. बाळसं धरलं,” प्रेमलता म्हणाली.

“याला स्टेरॉइडचं काही दिलंत? पोटात, दम्यासाठी? किंवा लावायला एखादी क्रीम?”

“नाही मॅडम,” सोनिका म्हणाली.

“क्रीम-बीम आम्ही वापरत नाही,” प्रेमलता जरा दुखावल्यासारखी म्हणाली. “आमच्या घरचा राळेचा मलम आहे. माह्या सासऱ्याच्या काळापासूनचा. तोच लावतो.”

“दाखवा.”

डबी नव्हती. सोनिकाच्या मोबाइलमध्ये अर्णवचा एक फोटो होता, हातात डबी धरून चोखणारा. तिने तो मोठा केला. बाळाची बोटं बाजूला सरली, डबी आली, फेटा आला, अक्षरं आली. डॉक्टरांनी पुटपुटत वाचलं. “राळ, मेण, तिळाचं तेल, कडुनिंब, कापूर… लहान मुलांसही…” त्यांनी मोबाइल परत दिला. “कापूर बाळाला लावायचा नाही, पण कापराने असं होत नाही. नक्की दुसरं काही नाही? नीट आठवा. असा चेहरा आणि अशी कातडी मला स्टेरॉइड क्रीममुळे पाहायला मिळते. त्याचा उपचार वेगळा असतो.”

“देवाशपथ नाही,” प्रेमलता म्हणाली. “यांनाच विचारा. हे सोता बनवतात.”

सगळे रुपरावांकडे वळले. ते भिंतीला टेकून उभे होते. त्यांना वाटलं, आपल्या सदऱ्याला वास येतोय. पण त्यांनी कित्येक दिवसांत राळ वितळवली नव्हती.

“मग पोटाची सोनोग्राफी करावी लागेल,” डॉक्टर नर्सशी बोलू लागल्या. “मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीत गाठ असली तरी असं दिसतं. खाली कळवा. आणि तोवर इन्फेक्शनचं…”

‘गाठ’ ऐकून सोनिकाने पलंगाची दांडी धरली. प्रेमलता मटकन स्टुलावर बसली.

गाठ नाही. त्या खोलीत हे फक्त एकाच माणसाला माहीत होतं. बाळ खाली जाईल, रांगेत थांबेल, पोटावर थंड जेल लागेल, पडद्यावर नसलेली गाठ शोधली जाईल, आणि तोवर बाळाची मान अशीच मागे पडलेली राहील. लेबलावरचे शब्द डॉक्टरांचा हात धरून त्यांना दुसरीकडे नेत होते. रुपरावांनी ते शब्द स्वतः छापखान्यात तपासले होते. कापूरमधला ‘पू’ पुसट आला म्हणून परत छापायला लावले होते.

“गाठ नाही जी,” ते म्हणाले.

डॉक्टर थांबल्या. “तुम्हाला कसं माहीत?”

“लेबल खोटं आहे.”

बाहेर कोणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

“त्यात राळ नाही. स्टेरॉइड आहे. कोणतं ते मले माहीत नाही.”

“तुम्ही बनवता ना?”

“बनवणं मी कधीच सोडलं. तयार माल येते पिंपात. मी डबीत भरतो.” मग त्यांनी घाईघाईने पुढचंही सांगितलं, जणू थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही. “सरकारी माणसं आली होती. म्हणून डबी मीच उचलून नेली. आता लावत नाहीत. बंद केला तो.”

“एकदम बंद केला?” डॉक्टरांचा आवाज चढला. “कधी?”

“नोटीस आली तवा. मले वाटलं, बंद केला तर लेकरू वाचन.”

डॉक्टरांनी नर्सला एका इंजेक्शनचं नाव सांगितलं, “आत्ता, शिरेतून,” आणि ते जाईपर्यंत बाळाच्या मनगटावरचं बोट काढलं नाही. मग त्या सोनिकाकडे वळल्या. “हे औषध कातडीतून शरीरात जात राहिलं, म्हणून बाळाच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलं. मग मलमातलंही एकदम बंद झालं. वर ताप. आता आपण बाहेरून देतोय. पुढे थोडं थोडं कमी करत न्यायचं, महिनोन्‌महिने. आज काय होतं ते संध्याकाळपर्यंत कळेल. मी आत्ता काही वचन देत नाही.”

सोनिकाने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. प्रेमलता पाहत होती. ती ओरडेल असं त्यांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मंग तुमच्या कपड्याले वास कशाचा येत होता?” तिने विचारलं.

“वासापुरती टाकत होतो. राळ.”

तिने उजव्या हाताचं पहिलं बोट पदराला पुसलं. पुन्हा पुसलं. ज्या बोटाने ती रोज सकाळी घडीघडीत मलम लावत होती, ते ती पुसत राहिली.

“काका,” डॉक्टर म्हणाल्या, “हे मी केसपेपरवर लिहिणार. प्रशासनालाही कळवावं लागेल.”

“लिहा जी. मीच फोन करतो.”

नोटीस खिशातच होती. जिन्यावर, उभ्या माणसांच्या मधे उभं राहून त्यांनी त्यावरचा नंबर लावला. निरीक्षकबाईंनी मधे न तोडता ऐकून घेतलं. अंकितचं नाव, नंबर, माल उतरवणाऱ्या गाडीचा रस्ता, सगळं ते सांगत गेले. मग बाईंनी विचारलं, “बाहेर लोकांकडे किती डब्या असतील?”

दुकानांतल्या डब्या आठवत होत्या. खिशांतल्या, कोनाड्यांतल्या, पाळण्याखालच्या कोण मोजणार?

“लोकांले काय सांगू? फेकून द्या म्हणू?”

हे त्यांनी फोनवर विचारलं होतं, पण दारातून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी ते ऐकलं. “फेकायचं नाही!” त्या जिन्यावरच म्हणाल्या. “ज्या घरात बाळाला रोज लावतात तिथे एकदम बंद करायचं नाही. डबी घेऊन आधी डॉक्टरकडे. समजलं? तुम्ही इथे जे केलं ते दुसऱ्या घरी होऊ देऊ नका.”

वामनरावांच्या रितिकाचे गाल त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा आले.

सोनिका आत बाळापाशी होती, प्रेमलता दारापाशी. जितेंद्र पुण्याहून निघाला होता. रुपराव प्रेमलताला म्हणाले, “मी कळमन्याले जाऊन येतो.” ते स्कूटरवर बसले. रस्ता रोजचाच होता. ते सिग्नलला थांबले, गाड्यांनी मागून हॉर्न दिले तेव्हा निघाले. वामनरावांनी पेपर वाचला असेल. घाबरून डबी फेकली असेल. पोरीची मान मागे पडली असेल. की अजून काही कळलं नसेल? यातलं कोणतं बरं, हेही त्यांना ठरवता येईना.

यार्डात संत्र्यांचे ढीग लागले होते आणि सगळीकडे आंबट-गोड वास होता. वामनराव क्रेटवर बसून जेवणाचा डबा सोडत होते.

“ये गा रुपराव! चेहरा काहून उतरला? सरकारनं नकली मलमवाले पकडले म्हणतात. मी सगळ्यांले सांगून ठेवलं, आपला फोटोवाला असली आहे, कोणी घाबरू नका.”

“रितिकाले लावता का अजून?”

“मंग! सकाळीच लावला माह्या सुनेनं.”

रुपरावांना हायसं वाटलं. असल्या गोष्टीचं हायसं वाटावं, याची त्यांना लाज वाटली. ते शेजारच्या क्रेटवर बसले.

“जेवण ठेवा. पोट्टीले घेऊन धंतोलीले चला. आत्ता. डबीबी संग घ्या.”

“काहून गा? पोट्टी ठणठणीत आहे. पाह्यले नाही का गाल?”

“गाल त्या औषधानंच सुजले, वामनरावजी. माह्याही नातवाचे. तो दवाखान्यात पडून आहे.”

त्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने. वामनरावांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. बंडीच्या खिशातून पिवळी डबी काढली, हाताच्या अंतरावर धरली, जशी कधीकाळी ती हिरवी डबी धरली होती.

“नवीन लेबल मीच वापस करायले लावलं होतं तुले,” ते म्हणाले. “नकली म्हणून.”

“जुनं तुम्ही नाही लावलं.”

फोन वाजला. सोनिका होती. तिने ‘बाबा’ म्हटलं नाही. फक्त फोन कुठेतरी धरला, आणि रुपरावांना अर्णवचं रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, भुकेलं. मग फोन बंद झाला. त्यांनी तो कानाला तसाच लावून ठेवला.

“ओ फोटोवाले!” ट्रकच्या वरच्या फळीवरून एका हमालाने हाक मारली. “दुकानात भेटून नाही राहिला. खिशात असन तर एक द्या ना इकडे. पोराले पाह्यजे.”

रुपराव उठले. त्यांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. वडील असताना तेच ओरडत, आणि वडील गेल्यावर डबी स्वतःच विकली जाई.

“नाही,” ते म्हणाले. मग आणखी मोठ्याने, “घरात असन तर फेकू नका. लेकराले लावत असान तर एकदम बंद करू नका. डॉक्टरले दाखवा. त्यात राळ नाही.”

दोघं-तिघं खाली उतरले. ट्रकमागून आणखी आले. कोणीतरी हसलं, गंमत वाटून. कोणीतरी खिशातून डबी काढून उलटीपालटी केली.

“मंग हा फोटो कोणाचा आहे?”

“माह्या बापाचा. मलम त्याचा नाही.”

हसणारा थांबला. डबी ज्याच्या हातात होती तो हमाल जवळ आला, अगदी जवळ. त्याला विचारायचं होतं ते त्याच्या तोंडावर होतं आणि रुपराव त्याची वाट पाहत उभे राहिले. पण वामनराव तोवर स्कूटरपाशी पोचले होते. त्यांनी डबी मुठीत घट्ट धरली होती.

“त्याले नंतर मारा, काय मारायचं ते,” ते तिथून ओरडले. “चाल गा रुपराव. पोट्टी घरी आहे.”